जुनी बोट वाजवून घेताना

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आमच्या लहानपणी आठवड्याच्या बाजारात कुंभारीण बसायची. आई तिच्याकडून मडकं घ्यायची ते वाजवून. खणखणीत आवाज आला तर मडकं घरी यायचं, बद्द आवाज आला तर परत ढिगात जायचं. मी एकदा विचारलं, "वरून तर दोन्ही सारखीच दिसतात." आई म्हणाली, "दिसण्यात पाणी राहत नाही."

हे आठवायचं कारण म्हणजे २०२३ च्या मे महिन्यात मी एक अख्खी बोट अशी वाजवून घेताना पाहिली. ती बोट अमेरिकेत मेरीलँड राज्यात होती. चेसापीक नावाचा तिथे मोठा उपसागर आहे, जवळजवळ दोनशे मैल लांब, आणि त्याच्या काठी अ‍ॅनापोलिस हे शिडाच्या बोटींचं गाव आहे. माझा भाचा त्या भागात अभियंता म्हणून नोकरी करतो. २९ एप्रिल २०२३ रोजी आपल्या नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी एकट्यानं, कुठंही न थांबता, पृथ्वीला वळसा घालून 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत दुसरे आले. त्यांची बोट छत्तीस फुटांची, जुन्या बांधणीची, फायबरग्लासची होती. दुसऱ्याच दिवशी भाच्याचा फोन आला. "मामू, मी एक बोट बघितलीय. बत्तीस फूट. १९७० च्या दशकातली. घेतली तर बर्म्युडाला जाईन म्हणतो."

बर्म्युडा म्हणजे तिथून सुमारे साडेसातशे सागरी मैलांवर, अटलांटिकमधलं एक चिमुकलं बेट.

आमची आपा, म्हणजे या मुलाची आई, दाभोळच्या खाडीकाठी राहते. तिनं मला सांगितलं, "तू जातोच आहेस मुलीकडे, तर त्याला समजाव. बोट चांगली नाही म्हणून सांग." मी म्हटलं, "चांगली असली तर?" ती म्हणाली, "आजोबांचं गलबतही चांगलंच होतं."

आमचे आजोबा तांडेल होते. मंगळूरहून कौलं भरून गलबत वर आणायचं आणि मृग लागायच्या आत किनाऱ्याला ओढून शाकारून ठेवायचं, हा दरवर्षीचा शिरस्ता. १९५० च्या दशकातल्या एका मे अखेरीस त्यांनी एक खेप जास्त केली. ते परतले नाहीत. आपाचा किंवा माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण घरात ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली, की आपाला समुद्राची गाज ऐकली तरी झोप लागत नाही. तेव्हा मी गेलो तो खरं म्हणजे बोट नापास करायलाच.

बोटीचं नाव मी सांगत नाही, जात सांगतो. 'वेस्टसेल ३२'. कॅलिफोर्नियात १९७१ पासून ते दशक संपेपर्यंत या जातीच्या आठशेहून अधिक बोटी तयार झाल्या. नोकरी सोडावी, बायकोमुलांना घेऊन बोटीवर राहावं आणि जग फिरावं, असं स्वप्न त्या काळी अमेरिकेत अनेकांना पडत होतं. त्या स्वप्नाला ही बोट मिळाली.

तिची वंशावळ मात्र फार जुनी आहे. नॉर्वेमध्ये कॉलिन आर्चर नावाचे एक नौकारचनाकार होऊन गेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी वादळात सापडलेल्या कोळ्यांना वाचवण्यासाठी शिडाच्या बचावनौका काढल्या. दोन्ही टोकं निमुळती, अंग भारदस्त, आणि तळाला पुढून मागपर्यंत सलग पठाण. पठाण म्हणजे बोटीचा कणा, हे कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको. त्या नौकांवरून अमेरिकेच्या विल्यम अ‍ॅटकिन यांनी १९२० च्या दशकात बत्तीस फुटांची 'एरिक' नावाची बोट रेखाटली आणि पुढे तशाच वळणाची 'थिसल'. या थिसलवरून विल्यम क्रिएलॉक यांच्या हातून फायबरग्लासचं जे रूप तयार झालं, ती आमची वेस्टसेल.

आणि 'एरिक'च्या आराखड्यावरून कोणती बोट झाली? 'सुहैली'. ती आपल्या मुंबईत, १९६० च्या दशकात, सागवानात बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ला इंग्लंडमधून ती हाकारली आणि २२ एप्रिल १९६९ ला परत आणली. एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. आखातातले खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला सुहैली म्हणत, त्यावरून हे नाव. म्हणजे मुंबईची सुहैली आणि अमेरिकेची वेस्टसेल या चुलत बहिणीच. भाच्यानं मला हे सांगितलं तेव्हा माझा विरोध निम्मा गळाला. पण मी तसं दाखवलं नाही.

आता या दोन बहिणींतला फरक पाहा, कारण आजचा विषय तिथंच आहे. सुहैली लाकडाची. लाकडाच्या बोटीत फळीला फळी जोडलेली असते आणि प्रत्येक जोडात कापूस किंवा काथ्या ठोकून कलफात करावं लागतं. प्रवासाच्या सुरुवातीलाच सुहैलीत पाणी येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टन यांना भर अटलांटिकमध्ये पाण्याखाली बुडी मारून सांधे बुजवावे लागले. फायबरग्लासमध्ये हा जोडच नसतो. साच्यात काचतंतूंचं कापड अंथरायचं, त्यावर राळ ओतायची, पुन्हा कापड, पुन्हा राळ. सुकलं की अख्खं अंग एकसंध निघतं. आपल्याकडे गच्चीवर पाण्याच्या टाक्या येतात, कोळीवाड्यात आता फायबरच्या होड्या दिसतात, त्यातलंच हे काम.

१९६०-७० च्या दशकांत हा माल नवा होता. तो किती दिवस टिकेल, किती जाड असला म्हणजे पुरे, याचा अनुभव बांधणाऱ्यांना कमी होता. म्हणून त्यांनी पुष्कळदा हात सैल सोडून थरावर थर दिले. त्या अज्ञानाचा फायदा आज पन्नास वर्षांनी घेणाऱ्याला होतो. या जुन्या बोटींचं अंग सहसा मरत नाही. मरतं ते अंगाला जोडलेलं बाकीचं सगळं.

तर त्या यार्डात बोट पाण्याबाहेर काढून खुंट्यांवर उभी केली होती. भाच्यानं एक सर्व्हेअर बोलावला होता. जुनी बोट तपासून लेखी अहवाल देणारा हा माणूस. साठी उलटलेली, कमरेला पट्टा, हातात प्लास्टिकची छोटी हातोडी. आल्याआल्या त्यानं बोट वाजवायला सुरुवात केली. नाळेपासून मागपर्यंत, वीतभर अंतरानं, टक् टक् टक्. मला आई आठवली. मी भाच्याला म्हटलं, "हा माणूस मला पटला."

अंग चांगलं वाजलं. पाण्याखालच्या भागावर मात्र रुपयाएवढे काही फोड आले होते. मी मनात म्हटलं, सापडलं! सर्व्हेअरनं एक फोड टोचला, बोट नाकाशी नेलं आणि मलाही वास घ्यायला लावला. चक्क व्हिनेगरचा वास. त्यानं समजावलं ते असं. राळ पूर्ण जलरोधक नसते. वर्षानुवर्षं पाण्यात राहून थोडं पाणी आत झिरपतं, आतल्या न सुकलेल्या रसायनांत मिसळतं, ते मिश्रण आणखी पाणी ओढून घेतं आणि वरचा थर फुगतो. याला ऑसमॉसिस म्हणतात. खरेदीदार याला सर्वांत जास्त घाबरतात. पण एवढ्या जाड अंगावरचे असे थोडे फोड म्हणजे त्वचारोग. खरडावं, सुकवावं, भरावं. हाडाचा रोग दुसरीकडे शोधायचा.

मग तो डेकवर चढला. डेक म्हणजे वरचा मजला. तिथं दोन काचथरांच्या मध्ये प्लायवूड असतं, म्हणजे वजन न वाढता ताठपणा येतो. जिथं जिथं कठड्याचे खांब बोल्टनं बसवलेले असतात, तिथं भोक पडलेलं असतं. भोकातला लांबीचा लेप म्हातारा झाला, की पाणी आत जातं आणि प्लायवूड कुजतं. तिथं हातोडीचा आवाज बदलला. टक् टक् टक्... बद्द. सर्व्हेअरनं खडूनं गोल काढला. पुन्हा बद्द. पुन्हा गोल. संध्याकाळपर्यंत डेकवर खडूचे सात गोल झाले.

त्यानंतर डोलकाठी. ती धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा अंगाला जिथं बांधतात, तिथल्या पट्ट्यांना चेनप्लेट म्हणतात. अनेक बोटींत या पट्ट्या डेकमधून आत गेलेल्या असतात. आत दमट अंधारात स्टेनलेस पोलादसुद्धा चिरतं आणि वरून कळत नाही. वेस्टसेलमध्ये त्या अंगाच्या बाहेरून बोल्ट केलेल्या आहेत. दिसायला ओबडधोबड, पण काढून, घासून, भिंगाखाली पाहता येतात. मला ही गोष्ट फार आवडली. ज्या वस्तूवर जीव टांगायचा, ती डोळ्यांना दिसावी.

पण याच बोटीची एक खोड आहे. तिची पुढची तार नाळेपुढे निघालेल्या लाकडी दांड्याला बांधलेली असते, त्याला बोस्प्रिट म्हणतात. मागची तार मागच्या टोकाबाहेर काढलेल्या लाकडी चौकटीला, म्हणजे बूमकिनला. ही दोन लाकडं कुजली तर अख्खी डोलकाठी त्यांच्याबरोबर जाते. सर्व्हेअरनं बूमकिनच्या पोलादी पट्टीखाली पेचकसाचं टोक टेकवलं. ते पावाच्या लादीत सुरी जावी तसं आत गेलं. वरून त्याच लाकडावर आरशासारखं वार्निश होतं. आदल्या मालकानं नुकतंच लावलेलं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. या बोटींपैकी निम्म्याच्या आसपास बोटी कारखान्यानं पुऱ्या करून विकल्याच नाहीत. नुसतं अंग आणि डेक दिलं. आतलं लाकूडकाम, वायरिंग, नळ, टाक्या हे सगळं घेणाऱ्यानं आपल्या अंगणात, शनिवार-रविवारी केलं. कोणी उत्तम सुतार होता, कोणी नव्हता. त्यामुळे 'वेस्टसेल ३२ कशी असते?' हा प्रश्न अर्धाच आहे. 'ही वेस्टसेल कशी आहे?' हा पुरा प्रश्न. आमच्या या बोटीचा पहिला मालक बहुधा चांगला सुतार आणि वाईट इलेक्ट्रिशियन होता. पलंगाचे सांधे पाहून हात फिरवावासा वाटे; वायरींचा गुंता पाहून हात मागे घ्यावासा वाटे.

आता आकडे सांगतो. घाबरू नका, थोडेच आहेत. बत्तीस फूट लांबी, अकरा फूट रुंदी, पाण्याखाली पाच फूट खोली. वजन १९,५०० पौंड, म्हणजे जवळजवळ नऊ टन. पैकी ७,००० पौंड नुसतं तळाचं भारवजन, पठाणीच्या पोकळीत आतच बंद केलेलं. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. आजच्या बहुतेक बोटींत खालचा पंखा बोल्टनं लावलेला असतो. त्यामुळे बोट चपळ होते, पण ते बोल्ट तपासत राहावे लागतात. मे २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' या बोटीचा पंखा अटलांटिकमध्ये निखळला आणि चार ब्रिटिश नाविक गेले. वेस्टसेलमध्ये निखळायला बोल्टच नाहीत.

दुसरा आकडा उलटण्याचा. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रात 'फास्टनेट' शर्यतीवर वादळ कोसळलं. ३०३ बोटी निघाल्या होत्या; १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले. त्यानंतर बोटी का उलटल्या याचा अभ्यास झाला आणि त्यातून एक सोपं गणित निघालं. बोटीचं वजन पौंडांत घ्या, ६४ नं भागा, त्याचं घनमूळ काढा आणि त्यानं रुंदीच्या फुटांना भागा. उत्तर दोनपेक्षा कमी आलं तर खोल समुद्रासाठी बोट विचारात घ्यायला हरकत नाही. वेस्टसेलचं उत्तर १.६ च्या आसपास येतं. भाचा खूश झाला. सर्व्हेअर म्हणाला, "या गणिताला वजन कुठं आहे ते कळत नाही. सगळं शिसं डोलकाठीच्या टोकाला बांधलंत तरी उत्तर हेच येईल." म्हणजे आकडा हा दाराशी विचारलेला पहिला प्रश्न, घरात घ्यायचं की नाही ते नंतर ठरतं.

तिसऱ्या दिवशी बोट पाण्यात घातली आणि आम्ही चालवून पाहिली. सकाळी वारा मंद होता. चेसापीकमध्ये उन्हाळ्यात वारा असाच रेंगाळतो. आमच्या आजूबाजूनं हलक्या बोटी सरसर निघून जात होत्या आणि आमची नऊ टनांची बाई काही हलायला तयार नव्हती. तिच्या नावाचा विनोद करून लोक तिला 'वेटस्नेल', ओली गोगलगाय, म्हणतात. ते उगाच नाही. वाऱ्याच्या तोंडावर जायचं तर ती फार जवळून जात नाही. दिशा बदलायची तर विचार करून, सावकाश वळते. आणि धक्क्याला लावताना इंजिनावर मागे घ्यायची तर सुकाणू तिचं ऐकत नाही. ती आपल्या मर्जीनं कुठल्या तरी बाजूला जाते. सलग पठाणीच्या सगळ्याच बोटींची ही तऱ्हा.

मी मनातल्या मनात आपाला फोन लावत होतो. पण दुपारी वारा उठला. अठरा-वीस नॉट. खाऱ्या वाऱ्याला खाडीत जसं सगळं पाणी उभं राहतं, तसं झालं. शेजारच्या हलक्या बोटी लाटेवर आपटू लागल्या, त्यांच्यावरची माणसं दोऱ्या धरून कसरत करू लागली. आणि आमची गोगलगाय? तिनं एक खांदा टेकवला आणि चालू लागली. साडेसहा नॉट. भाच्यानं सुकाणूचा दांडा सोडून दिला. बोट मिनिटभर आपली आपण सरळ जात राहिली. मी आत गेलो, स्टोव्हवर चहा ठेवला, आणि कप सांडला नाही. पाण्यातली लांबी साडेसत्तावीस फूट असल्यामुळे सात नॉटांच्या वर ती सहसा जाणारच नाही. पण त्या सातपर्यंत ती माणसाला थकवत नाही.

किनारी बोट आणि खोल समुद्राची बोट यांतला फरक मला तिथं समजला. किनाऱ्यानं फिरणाऱ्याला संध्याकाळपर्यंत बंदर गाठायचं असतं. त्याला मंद वाऱ्यात पळणारी, अरुंद जागेत वळणारी, उथळात शिरणारी, वाऱ्यानं किनाऱ्यावर ढकललं तर तोंड फिरवून बाहेर निघणारी बोट लागते. खोल समुद्रात पाच-सहा दिवस बंदरच नसतं. तिथं पळण्यापेक्षा सोसणं महत्त्वाचं. पाणी, शिधा, सुटे भाग भरले तरी जी दबत नाही, जिच्यावर माणूस झोपू शकतो, शिजवू शकतो, आणि वादळात शिडं आवरून, तोंड वळवून जी निमूट थांबू शकते, ती तिथली बोट. चेसापीकमध्ये शनिवार-रविवार फिरायला वेस्टसेल घेणं म्हणजे भाजी आणायला ट्रक घेणं. बर्म्युडाला जायचं तर मात्र ट्रकच हवा.

मग मी माझा शेवटचा प्रश्न काढला. "ही बोट बर्म्युडाला जाताना वादळात सापडली तर?"

भाच्यानं सांगितलेली हकीकत मी त्यापूर्वी ऐकली नव्हती. ऑक्टोबर १९९१ च्या अखेरीस अटलांटिकमध्ये जे वादळ झालं, जे पुढे 'परफेक्ट स्टॉर्म' म्हणून ओळखलं गेलं आणि ज्यावर २००० मध्ये चित्रपट निघाला, त्या वादळात एक वेस्टसेल ३२ सापडली होती. नाव 'सॅटोरी'. निघाली होती ती बर्म्युडालाच. बोटीवर मालक आणि दोन स्त्रिया होत्या. बोट आडवी झाली, पुन्हा उठली. त्या दोघींना वाटलं, आता आपण वाचत नाही. त्यांनी मदतीची हाक दिली. मालकाचं म्हणणं होतं, बोट टिकेल, आपण आत बसून राहू. तटरक्षक दलानं तिघांनाही बोट सोडायला लावली आणि हेलिकॉप्टरनं उचलून नेलं. सॅटोरी रिकामी, एकटी त्या वादळात राहिली. काही दिवसांनी ती सापडली, मेरीलँडच्या एका वाळूच्या किनाऱ्यावर लागलेली. धडधाकट.

भाचा हे सांगत होता ते बोटीचं कौतुक म्हणून. "बघा मामू, माणूस नसतानाही टिकली!"

मी म्हटलं, "हेच तर मला भीतीचं वाटतंय. बोट टिकली; माणसं टिकत नव्हती."

मालक चूक होता असं मी म्हणत नाही. त्याची बोट त्याला माहीत होती. त्या दोघी चूक होत्या असंही मी म्हणणार नाही. दिवसचे दिवस झोप नाही, अंगावर ओले कपडे, बाहेर डोंगराएवढं पाणी. अशा वेळी माणसाचा धीर सुटला तर त्यात नवल काय? पण एक गोष्ट उरतेच. ऑक्टोबरच्या अखेरीस त्या समुद्रात जायचं की नाही, हे ठरवलं गेलं तेव्हा सगळे कोरड्या जमिनीवर होते. निर्णय तिथं झाला. बोटीनं पुढे जे केलं ते तिच्या परीनं उत्तमच केलं.

मला आजोबांचं गलबत आठवलं. तेही चांगलंच होतं, आपा म्हणाली होती. फळ्या नव्या, कलफात ताजं. चुकला होता तो दिवस.

सर्व्हेअरचा अहवाल चार दिवसांनी आला. बूमकिन नवं करावं. बोस्प्रिट उतरवून तपासावा. डोलकाठीच्या सगळ्या तारा बदलाव्यात, कारण त्या कधी बसवल्या याचा कागद नाही. डेकवरच्या सात जागा उघडून सुकवून भराव्यात. पाण्याखाली उघडणाऱ्या नळांपैकी दोन पितळेचे आहेत. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि नळ बिस्किटासारखा तुटतो, म्हणून तिथं कांशाचे बसवावेत. वायरिंग सगळं नवं. अंग उत्तम. मालक अठ्ठावीस हजार डॉलर मागत होता. दुरुस्तीचा अंदाज जवळजवळ तेवढाच. जुन्या बोटीची किंमत म्हणजे विकणाऱ्याला द्यायचे पैसे नव्हेत, ती समुद्रात नेण्याजोगी होईपर्यंत लागणारे सगळे पैसे. अहवाल पुढे ठेवल्यावर मालक अठरा हजारांवर आला.

"मामू, तुम्ही काय म्हणता?" भाच्यानं विचारलं.

मी नापास करायला गेलो होतो. म्हटलं, "बोट घे. पण आधी दोन उन्हाळे खाडीतच फिर. बूमकिन स्वतःच्या हातानं बसव. तारा स्वतः बदल. रात्रीच्या वेळी एकदा तरी बाहेरच्या समुद्रात राहून बघ. आणि बर्म्युडाला निघशील त्या दिवशी बोटीकडे बघू नकोस, आभाळाकडे बघ." त्यानं ते मान्य केलं. आपाला मी फोन केला आणि खरं ते सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुला पाठवायलाच नको होतं."

त्यानं दोन उन्हाळे शब्द पाळला. शनिवार-रविवार हातात सँडपेपर. डेकवरचे सात गोल त्यानं एकेक करून उघडले. आठवा गोल त्याला स्वतःला सापडला, सर्व्हेअरच्या नजरेतून सुटलेला. २०२४ मध्ये तो चेसापीकच्या तोंडातून बाहेर पडून एक रात्र उघड्या अटलांटिकमध्ये राहून आला. त्या रात्री आपल्याला किती उलट्या होतात, हेही त्याला कळलं. ही माहिती कुठल्याच सर्व्हेअरच्या अहवालात नव्हती.

२०२५ च्या मे अखेरीस तो दोन मित्रांसह बर्म्युडासाठी निघाला. तिकडे १ जूनपासून चक्रीवादळांचा हंगाम धरतात, म्हणून मे-जूनची सांध त्यातल्या त्यात बरी. तो चेसापीकच्या तोंडाशी नॉरफोकला पोचला. वाटेत गल्फ स्ट्रीम लागतो, ईशान्येकडे जाणारा उबदार पाण्याचा जबरदस्त प्रवाह. त्याच्यासमोरून ईशान्येचा वारा आला, की वारा आणि पाणी एकमेकांना भिडतात आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. हवामानाचा अंदाज नेमका ईशान्येच्या वाऱ्याचा होता. तीन दिवस ते नांगर टाकून थांबले. अंदाज बदलला नाही. मित्रांची रजा संपत आली. एक मित्र म्हणाला, "आपली बोट तर वादळात माणसाशिवायसुद्धा टिकते!" भाच्यानं चौथ्या दिवशी नांगर उचलला आणि बोट परत फिरवली.

त्याचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. "मामू, नाही गेलो. परत आलो." मी म्हटलं, "उत्तम." त्याला वाटलं मी समजूत घालतोय. पण मी मनापासून बोलत होतो. त्या यार्डात आम्ही डेक वाजवलं, चेनप्लेट तपासल्या, बूमकिनमध्ये पेचकस घालून पाहिला. एक गोष्ट तेवढी तपासायची राहिली होती. ती नॉरफोकला तपासून झाली.

आपानं त्या संध्याकाळी शिरा केला आणि शेजारी वाटला. कारण कुणाला सांगितलं नाही. आता तो पुढच्या वेळी पुन्हा जाणार आहे, हे तिलाही ठाऊक आहे. पण एक फरक पडलाय. पूर्वी ती फोनवर विचारायची, "ती तुझी बोट कशी आहे रे?" हल्ली ती विचारते, "हवा कशी आहे?"